एका डोळ्याचे १४७ थेंब

मोतीबिंदूचं ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. कसोटी लागते ती घरी आल्यावर. स्टिरॉइडचे थेंब पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, दुसऱ्यात पाच, मग चार, असं उतरत सहा आठवडे. नेहमीच्या या चिठ्ठीचा हिशेब केला तर एका डोळ्याचे १४७ थेंब होतात. मानोरा तालुक्यात सोयाबीनच्या सोंगणीला घरचे सगळे सकाळीच वावरात गेलेले असतात. थरथरत्या हाताची आजी एकटीच मान मागे टाकून बाटली दाबते आणि थेंब गालावर ओघळतो. नेमका डोळ्यात पडला तरी बराचसा अश्रूंबरोबर नाकात उतरतो. आत पोचतं ते पाच टक्क्यांहून कमी. अशा आजीला हलगर्जी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

हे थेंब असतात सूज उतरवायला. गढूळलेलं भिंग काढताना बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला धक्का लागतो. तिथल्या रक्तवाहिन्या पाझरतात; प्रथिनं आणि पांढऱ्या पेशी डोळ्यातल्या नितळ पाण्यात उतरतात. कवेलूंच्या फटीतून आलेल्या कवडशात धूळ तरंगताना दिसते ना, तसे हे कण डॉक्टरांना स्लिट लॅम्पच्या प्रकाशात दिसतात. सूज मागच्या पडद्याच्या मध्यभागी पोचली, तर उत्तम झालेल्या ऑपरेशननंतरही महिना-दीड महिन्याने नजर पुन्हा धूसर होते.

मग औषध ऑपरेशनच्या टेबलावरच का देऊ नये? डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेनन नावाचं पातळ आवरण असतं. त्याखाली ट्रायअॅमसिनोलोन हे स्टिरॉइड टोचतात. त्याचे पांढुरके कण लवकर विरघळत नाहीत, म्हणून औषध कित्येक आठवडे झिरपत राहतं. अमेरिकेत डेक्सामेथासोन या दुसऱ्या स्टिरॉइडची बारीकशी काडी खालच्या पापणीच्या अश्रुछिद्रात बसवतात. या सुजेसाठी तिला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. जंतुसंसर्ग रोखणं हे वेगळं काम. त्यात मदुराईच्या अरविंद रुग्णालयाने वाट दाखवली. सहा लाखांहून अधिक ऑपरेशनांच्या नोंदींत, शेवटी डोळ्यातच मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सोडल्यावर संसर्गाचं प्रमाण ०.०७ वरून ०.०२ टक्क्यांवर आलेलं दिसलं.

सुजेचं कोडं मात्र इतकं सरळ सुटलेलं नाही. डेन्मार्कमधल्या एका चाचणीत टेननखाली डेक्सामेथासोन टोचलेल्या अनेकांना पुढे थेंब द्यावेच लागले. शिवाय स्टिरॉइडने काहींच्या डोळ्यातला दाब चढतो. थेंब त्याच दिवशी थांबवता येतात, टोचलेलं औषध सहज काढून घेता येत नाही. त्यामुळे काचबिंदू आहे का, घरात कुणाला होता का, हे आधी विचारावं लागतं. आणि थेंब सुटले तरी दाब मोजून घ्यायला आजीला मानोऱ्याहून वाशीमची एसटी धरावीच लागते.