‘मान्य केलंय का?’ हे कोणाला विचारायचं?

बीड तालुक्यातलं लिंबागणेश असो की त्याच्या आसपासची कुठली वाडी, घरात सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल असलं की आईबापाला दोन वाक्यं वर्षानुवर्षं ऐकावी लागतात. एक म्हणजे ‘देवाची करणी, आता मान्य करा.’ दुसरं, ‘मान्य कसं केलंत? अमक्या डॉक्टरकडं नेऊन तरी बघा.’ दोन्ही वाक्यं स्वीकाराबद्दलची आहेत, पण ज्याचं शरीर आहे त्याला कुणीच काही विचारत नाही.

त्यालाच विचारण्यासाठी मानसशास्त्रात मोजपट्ट्या आहेत. लिंकोव्स्की यांनी 1971 मध्ये अपंगत्वाचा स्वीकार मोजणारी 50 विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. 2007 मध्ये ग्रूम्स आणि लिंकोव्स्की यांनी ती 32 विधानांवर आणली. प्रत्येक विधानाला सहमती-असहमतीचे चार पर्याय असतात. एकूण गुण 32 ते 128, आणि जास्त गुण म्हणजे जास्त स्वीकार. या आकड्याभोवती बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : स्वीकार म्हणजे हात टेकणं.

वस्तुस्थिती : ही प्रश्नावली चार बदल शोधते. जे करता येत नाही त्यापलीकडेही मोलाच्या गोष्टी आहेत, हे जाणवणं. देखणेपणा आणि ताकद यांनाच माणसाची किंमत न समजणं. पाय चालत नाहीत म्हणून आपण सगळ्याच बाबतींत निकामी, असं न मानणं. आणि भावाशी-शेजाऱ्याशी तुलना सोडून स्वतःजवळ जे आहे त्याचं मोल ओळखणं. यात ‘उपचार सोडा’ असं कुठंही नाही. फिजिओथेरपी चालू ठेवणाऱ्या, चाकाच्या खुर्चीसाठी अर्ज करणाऱ्या माणसाचे गुण भरपूर असू शकतात.

गैरसमज : अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरचे टक्के जास्त, म्हणजे स्वीकार कमी.

वस्तुस्थिती : 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे आणि अनेक सवलतींसाठी किमान 40 टक्के अपंगत्व लागतं. ते टक्के शरीराचे असतात, मनाचे नव्हेत. युरोपात 8 ते 12 वर्षांच्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्या 500 मुलांनी स्वतःच्या जगण्याबद्दल स्वतः उत्तरं दिली. तो अभ्यास 2007 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. मुलांचं समाधान त्यांच्या वयाच्या इतर मुलांइतकंच निघालं. तपासलेल्या दहापैकी सहा बाबींचा अपंगत्वाच्या तीव्रतेशी ठळक संबंध दिसला नाही. वेदनेचा संबंध मात्र सगळ्याच बाबींशी होता. जगण्याचं समाधान आणि स्वीकार एकच नव्हेत, पण नुसतं शरीर बघून मनाचा अंदाज बांधू नये, एवढं यातून कळतं.

गैरसमज : बोलणं कळत नाही, तेव्हा आईनं उत्तरं दिली तरी चालेल.

वस्तुस्थिती : सेरेब्रल पाल्सी ही वाढत्या मेंदूला गर्भात, जन्माच्या वेळी किंवा तान्हेपणी झालेली इजा आहे. तिचा पहिला परिणाम हालचालींवर होतो. तोंडाचे स्नायू ताठ असले तर बोलणं अडखळतं, पण जवळपास निम्म्या लोकांना बौद्धिक अपंगत्व नसतं. मुंबईच्या मालिनी छिब यांनी एका बोटानं टंकत आपलं आत्मकथन लिहिलं. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. युरोपातल्या त्याच प्रकल्पात बहुतेक बाबींत आईवडिलांनी मुलापेक्षा कमी गुण दिले, आणि पालकांवरचा ताण जितका जास्त, तितका त्यांचा अंदाज खाली गेला. म्हणून विधानं वाचून दाखवावीत, चार पर्यायांची चार चित्रं पुढं ठेवावीत, बोटानं किंवा नजरेनं दाखवायला भरपूर वेळ द्यावा. जमलं तर घरच्यांनी तेवढा वेळ ओसरीवर बसावं. ‘मी घरच्यांना ओझं वाटतो’ असं आईसमोर कोण कबूल करील?

गैरसमज : प्रश्नावली तयारच आहे, मराठीत केली की झालं.

वस्तुस्थिती : या मोजपट्टीमागचा विचार दुसऱ्या महायुद्धानंतर, जखमी होऊन हातपाय गमावलेल्यांशी बोलून उभा राहिला. त्यांच्याकडं ‘आधीचं’ शरीर होतं, त्यामुळं काय गमावलं ते त्यांना ठाऊक होतं. सेरेब्रल पाल्सी असलेल्याला आधीचं शरीरच नाही. त्यानं गमावलेलं काही असलंच तर ती शाळा आहे, जिथवर पोचायला वाहन नव्हतं, किंवा ते लग्न आहे, ज्यात त्याला मागच्या खोलीत ठेवलं. म्हणून गमावल्याच्या भाषेतली विधानं अशा माणसापुढं ठेवताना, त्यांचा त्याला काय अर्थ लागतो हे आधी विचारून बघावं लागतं.

गैरसमज : एकदा स्वीकारलं की कायमचं स्वीकारलं.

वस्तुस्थिती : मेंदूतली इजा वाढत नाही, पण शरीर बदलत राहतं. भिंत धरून चालणाऱ्या अनेकांचं चालणं तारुण्यातच जड होतं, सांधे दुखतात, थकवा वाढतो. विशीत जुळवलेलं गणित चाळिशीत पुन्हा मांडावं लागतं. घरची परिस्थितीही हलते. बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघतात. मुलाला कारखान्याच्या तळावर न्यायचं की आजीजवळ ठेवायचं, हा प्रश्न दर हंगामाला येतो. व्यायाम तुटतो, हातपाय पुन्हा ताठतात. त्या महिन्यांत घेतलेले गुण आणि पावसाळ्यात घेतलेले गुण सारखेच येतील, असं धरून चालता येत नाही.

गैरसमज : गुण कमी आले, म्हणजे माणूस मनानं दुबळा.

वस्तुस्थिती : प्रश्नावलीला उत्तर एकटा माणूस देतो, पण त्यात अख्खं गाव मिसळलेलं असतं. चतुर्थीच्या चंद्राची गोष्ट लिंबागणेशसारख्या गणपतीच्या गावाला नव्यानं सांगायला नको. गणपतीच्या रूपाला चंद्र हसला आणि शाप चंद्रालाच मिळाला. आपलं रूप मान्य करून घे, असं गणपतीला कुणी सुनावलं नाही. आपल्याकडं मात्र हसणारे मोकळे सुटतात आणि समुपदेशन ज्याला हसले त्याचं होतं.

म्हणून एकूण बेरीज बघून थांबू नये, कोणत्या विधानाला गुण कमी पडले ते बघावं. परावलंबनाच्या विधानांना पडले असतील, तर घरचं शौचालय खुर्ची जाईल एवढं आहे का ते तपासावं. लोकांत मिसळण्याच्या विधानांना पडले असतील, तर ग्रामपंचायतीला आणि देवळाला उतार आहे का ते बघावं. सगळीकडंच कमी असतील, तर आधी दुखतंय का ते विचारावं. ‘मन घट्ट कर’ हा सल्ला त्यानंतरच द्यावा, आणि तोही गरज उरली असेल तर.