शिबिराच्या पत्रिकेआधी आराखडा करा

मागे आम्ही ॲट्रॉसिटी कायद्यावर एक दिवसाचे शिबिर घेतले. वक्ते अभ्यासू होते, विहार भरला होता. दोन महिन्यांनी त्याच शिबिरातला एक कार्यकर्ता पोलीस ठाण्यातून रिकाम्या हाताने परतला. "आधी चौकशी करू, मग बघू," असे त्याला सांगण्यात आले. २०१८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८-अ प्रमाणे गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी आवश्यक नाही, हे त्याने शिबिरात ऐकले होते. पण ठाणे अंमलदारासमोर ते कसे मांडायचे, याचा सराव आम्ही करून घेतलाच नव्हता. चूक आमची होती.

आपण शिबिराची सुरुवात वक्त्यांच्या यादीपासून करतो. खरे तर आधी प्रशिक्षण आराखडा हवा: कोण येणार, त्यांना काय येते, जाताना काय करता आले पाहिजे आणि ते आपण कसे तपासणार. "कायद्याची माहिती होईल" हे उद्दिष्ट नव्हे, कारण ते तपासता येत नाही. रॉबर्ट मेगर या अमेरिकन तज्ज्ञाने १९६२ मध्येच सांगितले की उद्दिष्टात कृती, परिस्थिती आणि निकष हवेत. आमचे नवे उद्दिष्ट असे: दिलेल्या प्रसंगावरून, कायद्याची प्रत समोर ठेवून, शिबिरार्थी ३० मिनिटांत लेखी तक्रार लिहील, तारीख, वेळ, ठिकाण, उच्चारलेले शब्द, साक्षीदार आणि दोन्ही बाजूंची जात यांपैकी काही सुटणार नाही.

मग स्टोरीबोर्ड. ही पद्धत १९३० च्या दशकात डिस्नेच्या स्टुडिओत रुळली. चित्रपट काढण्याआधी त्यातले प्रसंग भिंतीवर चित्रांत लावायचे. आम्ही कोऱ्या कागदाचे चार तुकडे करून कार्डे केली. प्रत्येक कार्डावर वेळ, कोण बोलणार, फळ्यावर काय दिसणार आणि शिबिरार्थी त्या वेळी काय करणार. जुन्या शिबिराची कार्डे विहाराच्या फरशीवर मांडली, तेव्हा दुपारपर्यंतचा शेवटचा रकाना कोराच निघाला. सत्काराला मात्र ४० मिनिटे! ती कमी करताना ज्येष्ठ मंडळी नाराज झाली, पण ते सोसावे लागते.

नव्या बोर्डावर एक कार्ड खास आपल्यासाठी आहे. अंमलदाराची भूमिका करणारा विचारतो, "तुम्ही तर बौद्ध, मग ॲट्रॉसिटी कशी?" शिबिरार्थीने १९९० च्या दुरुस्तीचा आधार देऊन, जातीचा दाखला पुढे करून उत्तर द्यायचे. पुढच्या कार्डात तो नोंद नाकारतो; तिथे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवायचा अर्ज तिथल्या तिथे लिहायचा.

कार्डे झाली की नियोजनात नसलेल्या एखाद्या तरुणाला ती क्रमाने वाचायला द्या. "मग आता मी काय करायचे?" असे तो जिथे विचारेल, ते कार्ड पुन्हा लिहा.