फोटो काचेला चिकटू नये म्हणून

आजचा विषय आहे घरातल्या फोटोची फ्रेम. हा काय रेडिओवर सांगायचा विषय आहे का, असं आमच्यातल्याच दोघींना वाटलं होतं. पण मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईकडे जे झालं, त्यानंतर आम्ही हा विषय घ्यायचाच असं ठरवलं.

ताईजवळ तिच्या आईचा एकच फोटो होता. धाकट्या बहिणीच्या लग्नात कोणीतरी काढलेला, डोक्यावर पदर, हातात ओवाळणीचं ताट. आई गेल्यावर तिनं तो फ्रेम करून भिंतीला लावला. चार-पाच पावसाळे गेले आणि फोटोच्या कोपऱ्यात ओलसर, चकाकणारा डाग दिसायला लागला. ती फ्रेमवाल्याकडे घेऊन गेली. त्यानं मागची पाठ उघडली, फोटो धरून ओढला, आणि आईचा अर्धा चेहरा काचेवरच राहिला. "मायचं तोंडच गेलं वो," एवढंच ती म्हणाली. दुसरी प्रत नव्हती. मग आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला, पण तो तिला आईसारखा वाटत नाही.

असं का होतं, ते आधी पाहू. स्टुडिओतल्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो. जिलेटिन म्हणजे साफ केलेला सरसच समजा. चित्र त्या थरातच असतं. ओल लागली की हा थर मऊ पडतो आणि समोर टेकलेल्या काचेला चिकटून वाळतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि जुलैत त्याच भिंती ओल धरतात, म्हणजे हा खेळ दरवर्षी चालू. देवाच्या तसबिरीची गोष्ट वेगळी. ती कागदावर शाईनं छापलेली असते. शिवाय गाडगेबाबांची, तुकडोजी महाराजांची किंवा बाबासाहेबांची तसबीर खराब झाली तर बाजारात नवी मिळते. आईचा फोटो कुठून आणायचा?

म्हणून फ्रेमच्या दुकानात जाण्याआधी फोटोची दुसरी प्रत करून घ्या. स्टुडिओत स्कॅन करून मागा, आणि ती फाइल आपल्याबरोबर मुलाच्या, भाचीच्या, दोघातिघांच्या मोबाइलवर ठेवा. तेही जमलं नाही तर दिवसाउजेडी, सावलीत, फोटो सपाट ठेवून मोबाइलनं सरळ वरून काढा. भिंतीवर प्रत लावायची आणि मूळ फोटो कोरड्या डब्यात ठेवायचा. प्रत स्टुडिओच्या फोटो कागदावरच काढा. साध्या शाईच्या प्रिंटरवरची स्वस्त पडते, पण बहुतेक वेळा उन्हानं लवकर विटते आणि पाण्याचा थेंब पडला की शाई पसरते.

आता पैशाकडे येऊ. आपण अमरावतीला जयस्तंभाकडे किंवा अकोल्याला टिळक रोडला खरेदीला गेलो, की दुकानात आधी नजर जाते सोनेरी नक्षीच्या रुंद पट्टीवर. बहुतेक फ्रेमवाले पट्टीचा भाव फुटावर लावतात. 8 बाय 12 इंचाचा फोटो धरा. त्याच्या चार बाजूंची बेरीज 40 इंच. पट्टी कोपऱ्यावर तिरपी कापावी लागते, म्हणून 1 इंची पट्टीला 8 इंच जास्त लागतात, झाले 4 फूट. तीच पट्टी 2 इंची घेतली तर 16 इंच जास्त, झाले 4 फूट 8 इंच, आणि रुंद पट्टीचा फुटाचा भावही चढाच. त्यापेक्षा 1 इंची साधी पट्टी घ्या आणि फोटोभोवती 1 इंचाचा माउंट लावायला सांगा. तेव्हाही पट्टी 4 फूट 8 इंचच लागते. काच थोडी मोठी आणि माउंटचे पैसे वेगळे, हे खरं. पण माउंट म्हणजे फोटोभोवतीचा जाड पुठ्ठा, आणि त्याच्या जाडीएवढी जागा काच आणि फोटोच्या मध्ये राहते. ताईच्या फ्रेममध्ये हीच जागा नव्हती. माउंट परवडत नसेल तर पुठ्ठ्याच्या बारीक पट्ट्या काचेच्या कडेला, बाहेरून दिसणार नाहीत अशा लावून मागा. फ्रेमवाला "काही गरज नाही ताई" म्हणेल. आपण म्हणायचं, "भाऊ, मले पाह्यजे."

सगळ्यात स्वस्त पडते ती तयार फ्रेम. तिची मापं ठरलेली असतात, म्हणून आधी फ्रेमचं माप पाहा आणि मग त्या मापाची प्रत काढा. उलट केलं की फोटो कापावा लागतो, आणि कडेला उभी असलेली आत्या फोटोतून जाते.

पट्टी कशाची घ्यावी? सागाची टिकते, पण महाग. लाकडाच्या भुशाच्या एमडीएफ पाटीवर कागद चढवलेली पट्टी दिसायला छान, पण ओल लागली की फुगते. ओल धरणाऱ्या घरात आम्ही फायबरची पट्टी सुचवू. ती हलकी असते आणि तिला उधईही लागत नाही. पाठीलाही पातळ पुठ्ठा नको, हार्डबोर्ड मागा, आणि पाठीमागची फट कागदी टेपनं बंद करून घ्या, म्हणजे झुरळं आणि कसर आत शिरत नाहीत. आजकाल पाटीवर फोटो चिकटवून वरून लॅमिनेशन करून देतात. त्याला काच नसते, ते पडून फुटत नाही, पैसेही कमी लागतात. प्रतीसाठी खुशाल करा. मूळ फोटो मात्र तिथं कधीच देऊ नका, तो परत निघत नाही.

घरात जुनी सागवानी फ्रेम पडली असेल तर तीच घासूनपुसून वापरा. देवाच्या फ्रेममध्ये माणसाचा फोटो लावू नये असं काही जणी मानतात. ज्यांना चालतं त्यांच्यासाठी यापेक्षा स्वस्त फ्रेम नाही.

लावताना चूल, मोरी आणि पश्चिमेचं ऊन टाळा. पावसात ओल येते त्या भिंतीवर तर नकोच. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बाटलीच्या रबरी बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते. आपले आजोबा फ्रेम पुढं झुकवून टांगायचे, तेव्हाही मागं हवा राहायची, आणि चिमण्या घरटंही करायच्या. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही, तिथं लाकडाची खुंटी ठोका. सुतळी उंदीर कुरतडतात, तार वापरा. ताज्या फुलांचा हार वाळेपर्यंत ठेवू नका. काचेवर गंध लावताना बोट कोरडं ठेवा, नाहीतर पाणी ओघळून खालच्या पट्टीत मुरतं.

आणि तुमच्या घरी आधीच एखादा फोटो काचेला चिकटला असेल तर? ओढू नका, पाण्यात बुडवू नका. काच पुसून, सावलीत, काचेवरूनच त्याचा फोटो काढून घ्या. ताईच्या आईचा फोटो असाच वाचला असता.

शेवटची एक गोष्ट. फ्रेम बंद करायच्या आधी फोटोच्या मागच्या कडेला शिसपेन्सिलीनं हलक्या हातानं नावं, गाव आणि साल लिहा. पेननं नको, त्याचे वळ पुढं उमटतात. आमच्या गटाच्या पहिल्या बैठकीचा फोटो आमच्याकडे आहे. त्यात डावीकडून तिसरी उभी असलेली बाई कोण, हे आता आमच्यापैकी कोणालाच सांगता येत नाही.