फुकटचं सॉफ्टवेअर आणि लाखाचं यंत्र



परवा शिवारफेरीत एका सभासदाच्या मुलानं गाठलं. जुन्या लेथला कॉम्प्युटर जोडायचा त्याचा विचार आहे. म्हणाला, "साहेब, 'लिनक्ससीएनसी' फुकट मिळतं. पण फुकटच्या वस्तूवर भरवसा ठेवावा का?" मी पडलो शेतकी डिप्लोमावाला. तरी माहिती काढली, ती सर्वांसाठी देतो.

हे सॉफ्टवेअर मूळ अमेरिकेतलं. तिथल्या 'निस्ट' या सरकारी मानक संस्थेनं १९९० नंतरच्या दशकात ते यंत्रं चालवण्यासाठी तयार केलं. पुढं स्वयंसेवकांनी सांभाळलं. आजचं नाव २०११ मध्ये मिळालं.

त्याचा कोड सर्वांना उघडा आहे. कुणी काय बदललं याची नोंद राहते. बदलामुळं आधीचं काही बिघडलं नाही ना, हे पाहायला चाचण्यांचा संच आहे. नवे प्रयोग वेगळ्या आवृत्तीत होतात, स्थिर आवृत्तीत मुख्यतः दुरुस्त्याच जातात. उसाची नवी जात आपण आधी चाचणी प्लॉटवर पाहतो, तीच ही रीत.

पण बेणं उत्तम असलं तरी जमीन तपासावी लागतेच. इथं जमीन म्हणजे आपला कॉम्प्युटर. त्यानं मोटरला इशारा ठरल्या क्षणी दिला नाही, तर स्टेपर मोटर पाऊल चुकते आणि माप बिघडतं. हा विलंब मोजण्याची चाचणी सॉफ्टवेअरसोबतच मिळते. ती चालू असताना कॉम्प्युटरवर मुद्दाम भरपूर काम टाकावं. कॉम्प्युटरच थेट मोटरचे इशारे देणार असेल, तर जास्तीत जास्त फरक १५ ते २० मायक्रोसेकंदांच्या आत असावा. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.

आणखी एक. करणाऱ्यांनी कोडमध्येच बजावलंय की कसलीही हमी नाही, आणि जीव सांभाळायला नुसत्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका. म्हणून इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण असं जोडावं, की कॉम्प्युटर अडकला तरी मोटरची वीज तुटलीच पाहिजे.

दोष आढळला तर चावडीवर नावं ठेवून भागत नाही. आवृत्ती कोणती, काय करताना घडलं, हे सेटिंगच्या फाइलीसह स्वयंसेवकांना कळवावं. वार्षिक सभेला न येता कारखान्याला बोल लावणारे सभासद आपण पाहतोच!

त्या मुलाला एवढंच सांगितलं, "बाबा, आधी चाचणी, मग लाल बटण, आणि मगच लेथ."

— ऊस विकास अधिकारी