खोलीत कोण गं?

जून-जुलै आला की घरोघरी होस्टेलची बांधाबांध सुरू होते. गादी, बादली, दोन कुलपं, चिवड्याचा डबा, लाडू... गेल्या वर्षी माझी धाकटी गेली तेव्हा मीही सगळं आठवणीनं दिलं आणि पहिल्याच रात्री फोन केला. पहिला प्रश्न, ‘जेवलीस का?’ दुसरा, ‘खोलीत कोण गं? आडनाव काय तिचं?’

पलीकडे क्षणभर शांतता. मग लेक म्हणाली, ‘आई, इथं सकाळपासून सगळ्या हेच विचारताहेत. आडनावावरून कळलं नाही तर सीईटीचे मार्क विचारतात. तूही त्यातलीच का?’

चपराकच बसली म्हणा ना! मैत्रिणींनो, आपण वाईट मनानं विचारत नाही, सवयीनं विचारतो. पण जिला विचारलं जातं, तिला हे कसं कळावं?

ती मुलगी सातपुड्यातली, धडगावकडची. घरात पावरी बोलतात, मराठी ती शाळेत शिकली. तिच्या पुस्तकी मराठीला मुली हसायच्या. मेसमध्ये ती येऊन बसली की टेबलावरच्या दोघी-तिघी उठायच्या. उघड कुणी काही बोलत नसे, मग तक्रार तरी कसली करायची? दोन आठवड्यांत ती ताट खोलीत आणून एकटी जेवू लागली. तिसऱ्या आठवड्यात बॅग भरून बसली. त्यांच्या घरातली कॉलेजात आलेली ती पहिलीच!

‘आई, काय करू?’ लेकीचा फोन. मी प्रवेशाची फाइल काढली. तीत रॅगिंगविरोधी हमीपत्राची प्रत होती, खाली पालक म्हणून माझी सही. न वाचता केलेली! (तुम्ही वाचलं होतंत?) विद्यापीठ अनुदान आयोगाचे हे नियम २००९ सालचे. २०१६ साली त्यांत भर पडली : जात, धर्म, भाषा, प्रांत, रंगरूप, लिंगभाव, घरची आर्थिक स्थिती अशा कारणांवरून दिलेला शारीरिक वा मानसिक त्रास हेही रॅगिंगच. शिवाय २०१२ च्या नियमांनी कॉलेजांना ‘समान संधी कक्ष’ आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलं. तोंडी सांगितलेलं हवेत विरतं, म्हणून मी लेकीला म्हटलं, तारीख-वार घालून लिहून द्या.

दोघींनी अर्ज दिला. अधिकारीबाईंनी मुलींना बोलावून समज दिली. दोघींनी माफी मागितली, एकीनं नाही. माझी लेक मात्र तेव्हापासून रोज तिच्याबरोबरच मेसमध्ये बसते. खरं तर पहिल्या दिवसापासून बसायला हवं होतं. पण ती माझीच लेक!

मला राहून राहून लक्ष्मीबाई आठवत होत्या, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी. भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं ते सगळ्या जातींच्या मुलांनी एकत्र राहावं, एका पंगतीत जेवावं म्हणून. तो काळ काय होता, आपल्या आज्यांना विचारा! लक्ष्मीबाई जैन घरातल्या. पण त्या मुलांच्या त्या आई झाल्या. धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. आपल्याला तर नुसता एक प्रश्न गिळायचा आहे. तरी जड जातं, हे मी कबूल करते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती मुलगी घरून परतली, ती आमच्यासाठी आमचुराची पुडी घेऊन. त्यांच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी कैऱ्या कापून वाळवतात. परवा मी तो भेंडीच्या भाजीत घातला. सासूबाईंनी बोटं चाटली आणि विचारलं, ‘कुणाकडचा गं हा?’

मी म्हटलं, ‘धाकटीच्या मैत्रिणीकडचा.’

‘आडनाव काय तिचं?’

‘भाजी वाढू का अजून?’ मी म्हटलं.