दिसेल तेवढेच मोजता येते

सिंगापूरच्या नोव्हेना भागात टॅन टॉक सेंग रुग्णालय १९०९ पासून आहे. शेजारच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग केंद्राचे उद्घाटन २०१९ चे. अँटिबायोटिकला दाद न देणारे जिवाणू ही अशा ठिकाणची रोजची चिंता. म्हणूनच जिवाणू फोडणाऱ्या विषाणूंकडे, म्हणजे फाजकडे, जगभरचे डॉक्टर पुन्हा वळले आहेत. पण फाज द्यायचा तर किती? ही मोजदाद अजूनही बहुतेक डोळ्यांनीच होते.

पेट्रीच्या बशीत दीड टक्का आगरचा घट्ट थर असतो. त्यावर ४५ ते ५० अंशांना पातळ ठेवलेल्या मऊ आगरात जिवाणू आणि फाज मिसळून ओततात. रातोरात जिवाणूंची दुधी साय धरते. फाज पडला तिथे पारदर्शक ठिपका उरतो. हाच प्लाक. बशीत ३० ते ३०० प्लाक असले की मोजणी भरवशाची मानतात.

१८९६ मध्ये हँकिन या संशोधकाने गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात असे नोंदवले, पण मारणारे काय ते त्याला दाखवता आले नाही. १९१७ मध्ये दरेल या संशोधकाने फाजचा शोध जाहीर केला, तेव्हा हे सुटे कण आहेत असे त्याने ठासून सांगितले, ते या ठिपक्यांच्या बळावर. पुढे १९२७ ते १९३६ या काळात भारतात कॉलरा आणि प्लेगसाठी फाजची मोठी चौकशी झाली.

अडचण अशी, की पुष्कळ फाजचे प्लाक बारीक किंवा धूसर पडतात. मोठा कण आगरातून सावकाश सरकतो आणि जिवाणूंची वाढ थांबली की बहुतेक प्लाकही वाढायचे थांबतात. वरचा थर आणखी मऊ केला, जिवाणू कमी घातले, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार दिले तर बराच फरक पडतो. टेट्राझोलियम या रंगहीन रसायनाला जिवंत जिवाणू लाल करतात; लाल पटावर प्लाक उठून दिसतो. मात्रा जास्त झाली तर जिवाणूच दबतात, म्हणून काहीजण ते प्लाक उमटल्यावरच ओततात.

मला सर्वांत मोलाची वाटते ती अँटिबायोटिकची युक्ती. न मारणाऱ्या अल्प मात्रेत काही औषधे जिवाणूचे विभाजन रोखतात. तो लांबत जातो, आणि काही फाज त्यात जास्त संख्येने तयार होतात. २००७ मध्ये हा मेळ दाखवला गेला. २००९ मध्ये पोर्तुगीज संशोधकांनी प्लाक मोठे करण्यासाठी तो वापरला. रुग्णालाही फाज आणि अँटिबायोटिक बहुधा एकत्रच दिले जातात, तेव्हा बशीतले हे निरीक्षण खाटेपर्यंत पोहोचणारे आहे.

मोठा प्लाक म्हणजे जास्त फाज नव्हे. साधी बशी आणि सुधारलेली बशी शेजारी ठेवूनच आकडा द्यावा, आणि प्लाक उचलून पुन्हा पेरून पाहावा. शिवाय प्रयोगशाळेच्या सवयीच्या जिवाणूवर भरपूर प्लाक देणारा फाज रुग्णाच्या स्वतःच्या जिवाणूवर फार कमी देऊ शकतो. उपचाराची मात्रा ठरवताना त्या रुग्णाच्याच जिवाणूची बशी लावायला हवी.