सुरवंटी ट्रॅक्टरचे सारथ्य

दुसरें महायुद्ध संपल्यावर ‘कॅटरपिलर’ कंपनीचीं लष्करी शिल्लक यंत्रें सवंग मिळूं लागलीं. तीं घेण्यास भांडवल पाहिजे, म्हणून होल्क-लार्सन व टुब्रो या दोघां डॅनिश भागीदारांनीं ७ फेब्रुवारी १९४६ रोजीं आपल्या पेढीची कंपनी केली. पुढें पवईस तिचा कारखाना झाला.

या सुरवंटास सुकाणूचें चाक नाहीं. सारथ्याच्या हातीं लगामासारखे दोन दांडे. डावा ओढला कीं डाव्या पट्ट्याचा क्लच सुटतो, उजवा चालतच राहतो व यंत्र डावीकडे वळतें. मात्र उतारावर मागचें ओझें रेटीत असतां ब्रेक न लावतां दांडा ओढला, तर सुटलेली बाजूच अधिक धावते आणि यंत्र भलत्याच दिशेस जातें! नवख्याचा घात होतो तो येथें.

आमच्या उपनगरांतील पावसाळ्यांत उभ्या यंत्राच्या पोलादी प्लेटा गंजून अस्तरास चिकटतात. मग दांडा ओढूनही क्लच सुटत नाहीं. उलटपक्षीं, शेजारच्या दंतचक्रांचें तेल आंत झिरपलें तर त्या घसरतात. यास्तव कप्प्याचें तळचें बूच काढून तेलपाणी निथळूं द्यावें, आणि यंत्र शेडखालीं ठेवून अधूनमधून चालवावें. दांड्यास थोडी ढील अवश्य असावी; ती नसेल तर क्लच पुरता धरीत नाहीं. जुन्या अस्तरांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतो. त्याची भुकटी ओल्या फडक्यानेंच पुसावी. पूर्वीचे मिस्त्री ती सर्रास फुंकरीनें उडवीत.